मुतारी कुठे बांधायची?

शीर्षक वाचून नाक मुरडलं असेल तर थोडं थांबा. 'प्रसाधनगृह' लिहिणार होतो, पण मौद्याच्या बाजारात कुणालाही "प्रसाधनगृह कुठंय हो?" असं विचारलं तर तो तुम्हाला ब्यूटी पार्लरचा रस्ता दाखवेल. :-)

तर झालं असं, की दिवाळीला गावी गेलो होतो. आमचं मूळ गाव मौद्याजवळ. ज्यांना मौदा माहीत नाही (म्हणजे पुण्यातले बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी: नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की साधारण पस्तीस किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. तालुक्याचं ठिकाण. एनटीपीसीचं २३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र इथलंच, त्यामुळे हिंजवडीत तुमचा लॅपटॉप चार्ज होतो त्यात थोडा वाटा आमच्या तालुक्याचाही असू शकतो. असो. विषयांतर.

माझी मावशी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. शेतातली वांगी, मिरच्या, सांभार (तुमची कोथिंबीर). सकाळी लवकर येऊन जागा धरायची, संध्याकाळी उरलंसुरलं विकून परत. यावेळी तिच्याकडे गेलो तर ती खाटेवर पडलेली. मुतखडा. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी प्या. मी आपला शहाणपणा केला, "मावशी, एवढ्या उन्हातान्हात बसतेस, बाटली ठेवत जा ना सोबत."

ती म्हणाली, "अरे बाप्पा, बाटली असते ना. पन पेत नाई. बाजाराच्या दिवशी घरून निघाल्यापासून पानी नाई पेत मी. पेलं का मंग जायचं कुठं?"

मी गप्प. विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात ही बाई आठ-नऊ तास पाणी न पिता बसते, आणि हे तिला इतकं नेहमीचं आहे की मी विचारेपर्यंत तिनं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. मी ज्या ऑफिसात काम करतो तिथे प्रत्येक मजल्यावर दोन्ही टोकांना रेस्टरूम आहेत, आणि गेल्या महिन्यात तिथला हँड ड्रायर बंद पडला म्हणून आम्ही तिकीट रेज केलं होतं.

पुण्याला परत आलो आणि इंजिनिअर लोक अस्वस्थ झाले की जे करतात ते केलं. शनिवारी एक्सेल उघडली.

हा प्रश्न खरं तर आमच्या धंद्यातला जुना, नावाजलेला प्रश्न आहे. त्याला 'फॅसिलिटी लोकेशन' म्हणतात. गोदाम कुठे बांधायचं, फायर ब्रिगेड कुठे ठेवायची, मोबाइलचा टॉवर कुठे उभारायचा, सगळं यातच येतं. आल्फ्रेड वेबरनं १९०९ मध्ये कारखाना कुठे काढावा यावर आख्खं पुस्तक लिहिलं. १९६४ मध्ये हकिमीनं रस्त्यांच्या जाळ्यावर हे गणित कसं मांडायचं ते दाखवलं, १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी 'ठरावीक अंतरात जास्तीत जास्त लोक कसे बसवायचे' याचं मॉडेल दिलं. म्हणजे गणित तयार आहे, सॉफ्टवेअरही फुकट मिळतं, आकडे टाकायचे आणि उत्तर घ्यायचं. मला वाटलं चहा थंड व्हायच्या आत उरकेल.

सोपं उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत, मौद्याचा सर्व्हे नाही. समजा गावातून एक सरळ रस्ता जातो. सुरुवातीला एसटी स्टँड. तिथून ४०० मीटरवर भाजीबाजार. ६०० मीटरवर तहसील कचेरी. दिवसभरात स्टँडवर ५०० माणसं येतात, बाजारात ६० जणं माल घेऊन बसतात, कचेरीत १०० जणं येतात. पैसे एकाच मुतारीचे आहेत. कुठे बांधाल?

एका रेषेवर हे गणित शाळकरी आहे. सगळ्या माणसांना ओळीत उभं करायचं आणि मधला माणूस जिथे असेल तिथे बांधायची, म्हणजे सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी होतं. ६६० माणसं, मधला माणूस साधारण ३३० वा, म्हणजे स्टँडवरचाच. उत्तर: एसटी स्टँड. सरासरी चाल १२७ मीटर. झकास! रिपोर्ट तयार, साहेब खूश.

पण मावशीचं काय? तिला ४०० मीटर जायचं, ४०० यायचं, आणि तोवर टोपलीवर लक्ष कुणी ठेवायचं? शेजारणीला सांगून एकदा जाता येईल, तीनदा नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मी डोकी मोजली, आणि घोळ तिथेच आहे. स्टँडवरचा माणूस वीस मिनिटं थांबतो, गाडी आली की जातो. मावशी आठ तास बसते. ज्याला वीस मिनिटं थांबायचंय त्याला लागण्याची शक्यता किती, आणि जिला आठ तास बसायचंय तिला किती? तेव्हा डोकी नाही, तास मोजा. स्टँड: ५०० जणांची वीस-वीस मिनिटं, म्हणजे सुमारे १६७ तास. बाजार: ६० गुणिले ८, म्हणजे ४८० तास. कचेरीत माणशी दीड तास धरला (तहसील कचेरीत दीड तासात काम होतं हे गृहीतक फारच आशावादी आहे, मान्य) तर १५० तास. एकूण ७९७. आता मध्य कुठे येतो? थेट भाजीबाजारात.

रस्ता तोच, माणसं तीच, फक्त मोजायची पट्टी बदलली आणि मुतारी ४०० मीटर सरकली. मला तरी हे पाहून जरा चपराक बसल्यासारखं झालं. आम्ही लोक अल्गोरिदमवर तासन् तास वाद घालतो, आणि इनपुटच्या कॉलमला काय नाव दिलंय ते कुणी बघत नाही.

आता सरकारी नियम बघा. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्यातल्या हागणदारीमुक्तीच्या शहरी निकषांत व्यापारी भागासाठी मोजमाप आहे: एक किलोमीटरच्या आत सार्वजनिक शौचालय हवं. मुंबई-पुण्याला हे ठीक असेल. पण मौद्यासारख्या गावात बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे गावात कुठेही, अगदी कुठेही, एक खोली बांधली की नियम पाळला गेला. कागदावर टिक. नियम मोडून गैरसोय झाली तर निदान भांडता येतं. इथे नियम पाळूनच गैरसोय होते, भांडणार कुणाशी?

आणि मग 'कुठेही' म्हणजे कुठे? तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावात डोळे मिटून सांगू शकता: नाल्याच्या कडेला, जुन्या इमारतीच्या मागे, जिथे दुसरं काहीच होऊ शकत नाही अशा तुकड्यावर. कारण जागा लोक कुठे आहेत यावरून ठरत नाही, मोकळी सरकारी जमीन कुठे आहे यावरून ठरते. यात सगळा दोष अधिकाऱ्यांचा नाही, हेही सांगतो. छोट्या गावांत भुयारी गटारं नसतात. सेप्टिक टँक हवी, ती उपसायला गाडी आत यायला हवी, म्हणजे रुंद रस्ता हवा. पाण्याची लाइन हवी. एवढ्या अटी लावल्यावर बाजारात चार-पाच जागा उरतात, आणि त्या प्रत्येक जागेसमोर कुणाचं तरी दुकान असतं.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात! मुतारीचं तसंच. बाजारात मुतारी हवी असं शंभरातले शंभर दुकानदार सांगतील. कुठे हवी विचारलं की प्रत्येकजण दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवेल. मला त्यांचा रागही येत नाही. वाईट ठेवलेली मुतारी शेजारी असणं म्हणजे काय ते नाकाला कळतं. मिठाईवाल्यानं का सोसावं?

हे काही आपल्याकडचंच नाही बरं का. लंडनमध्ये १९०० च्या सुमाराला कॅमडन भागात बायकांसाठी शौचालय बांधायचं ठरलं. तेव्हा नाटककार बर्नार्ड शॉ तिथल्या स्थानिक मंडळावर होता आणि तो त्या बाजूनं भांडत होता. विरोधकांनी म्हटलं, रस्त्यावर अडथळा होईल. मग चाचणीसाठी तिथे त्याच मापाचा लाकडी सांगाडा उभा केला, तर टांगेवाल्यांनी आपापल्या गाड्या त्याच्यावर मुद्दाम नेऊन आदळल्या, अडथळा होतो हे सिद्ध करायला! पुरुषांच्या मुताऱ्यांबद्दल असा सांगाडा कुणी उभा केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पुन्हा डेटाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

समजा एखादा उत्साही अधिकारी (किंवा माझ्यासारखा रिकामटेकडा इंजिनिअर) म्हणाला की आपण पुराव्यावरून जागा ठरवू. लोक आत्ता कुठे जातात ते पाहू. तर गावात हा नकाशा तयारच असतो. ज्या भिंतीवर देवांच्या फोटोच्या टाइल्स लावल्यात ना, गणपती, साईबाबा, येशू, मक्का, सगळे एका ओळीत, त्या भिंती शोधा. टाइल म्हणजे तिथे मागणी आहे याचा घरमालकानं स्वखर्चानं लावलेला बोर्ड. जीपीएस घेऊन अर्ध्या दिवसात सगळ्या टाइल्स मार्क करता येतील. सुंदर हीटमॅप येईल.

फक्त तो हीटमॅप निम्म्या गावाचा असेल. त्यात मावशी नाही. ती कुठल्याच भिंतीशी जात नाही. तिची मागणी डेटात शून्य दिसते, आणि ती शून्य दिसते कारण तिनं ती सकाळी घरी, गडू तोंडाला न लावताच, मारून टाकलेली असते. ज्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट ऐकली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल: परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते पाहून सैन्य तिथे पत्रा जाड करणार होतं, आणि अब्राहम वाल्डनं दाखवून दिलं की जिथे भोकं दिसत नाहीत तिथे जाड करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत. आमच्याकडची कोरडी भिंत तशीच वाचायला हवी.

म्हणून सर्व्हे करायचाच असेल तर "तुम्ही कुठे जाता?" हा प्रश्न फुकट आहे. बायका त्याचं उत्तर परक्या माणसाला देणार नाहीत, आणि दिलं तरी ते "घरी" असेल. विचारायचं ते हे: "घरून निघाल्यावर पाणी पहिल्यांदा कधी पिता?" हा प्रश्न विचारायला लाज नाही, उत्तर द्यायला लाज नाही, आणि उत्तर आकड्यात येतं. जिथे बसणाऱ्या बायका 'संध्याकाळी घरी गेल्यावर' म्हणतील तो बाजाराचा भाग नकाशावर लाल करा. मी फोनवर मावशीकडून तिच्या ओळीतल्या बायकांचं विचारून घेतलं. ती म्हणाली, "सगळ्या तशाच. नवीन सून आली बाजारात तं तिला आधी हेच सांगतो आम्ही." म्हणजे हे आता ट्रेनिंगमध्ये आहे!

आपल्याकडे या विषयावर काम झालेलंच नाही असं मात्र नाही. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली. त्यांचा साधा सवाल होता: पुरुषांना मुतारी फुकट, मग बाईकडून पैसे का? पुण्यातल्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकानं तर जनहित याचिकाच केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, महापालिकांनी त्याची योजना करावी. निकाल वाचून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, आदेश महापालिकांना आहे. मौद्याला नगरपंचायत आहे.

दोन-तीन उपाय नेहमी सुचवले जातात, त्यांच्याबद्दल थोडं बोलतो.

पहिला, 'पे अँड यूज'. सुलभची ही कल्पना १९७४ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि खरोखर मोठी होती: वापरणाऱ्यांच्या पैशातून माणूस ठेवायचा, माणूस असला की जागा स्वच्छ राहते. रेल्वे स्टेशनवर, मोठ्या स्टँडवर ती चालते कारण गर्दी रोज आहे. आठवडी बाजारात गर्दी सातातला एक दिवस. उरलेले सहा दिवस त्या माणसाचा पगार कोण देणार? शिवाय दिवसाला तीनदा पाच रुपये म्हणजे मावशीची सांभाराची एक-दोन जुडी गेली. ती पाणी न पिणंच पसंत करेल, आणि तिचा हिशेब तिच्या बाजूनं बरोबरच आहे.

दुसरा, हॉटेलं उघडी करा. तेव्हाच्या दक्षिण दिल्ली महापालिकेनं एप्रिल २०१७ पासून तसं केलं होतं, रेस्टॉरंटचं टॉयलेट कुणालाही वापरू द्या, हवं तर पाच रुपयांपर्यंत घ्या. तुम्हा-आम्हाला हे भारी वाटतं, कारण आपण कुठल्याही कॅफेत सरळ आत शिरतो. पण मातीचे पाय, डोक्यावर पदर अशी बाई गल्ल्यावरच्या माणसासमोरून आत जाईल? एकदा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या की विषय संपला.

तिसरा मला आवडतो. पुण्यात २०१६ पासून जुन्या बस दुरुस्त करून त्यात बायकांसाठी टॉयलेट केली, 'ती' नावाची. आठवडी बाजाराला हे चपखल बसतं. बाजारच जर आठवड्यातून एक दिवस येतो, तर टॉयलेटही एक दिवस यावं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाजाराच्या गावी जावं. जमीन लागत नाही, मिठाईवाला चिडत नाही, सेप्टिक टँक गाडीतच. मात्र गाडी उभी राहायला हवी ती भाजीच्या ओळीच्या टोकाशी, पार्किंग सोयीचं पडतं म्हणून मैदानाच्या पलीकडे नव्हे. शंभर-दीडशे मीटरच्या पुढे ती असून नसल्यासारखी.

आणि पैसे? आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून बसण्याची फी घेतली जाते, पावती फाडतात. त्या पावतीपुस्तकात किती जणं बसली याचा हिशेब दर आठवड्याला आपोआप होतो, माझ्या सगळ्या सर्व्हेपेक्षा भारी. त्यावर फक्त 'बाई की पुरुष' असा एक रकाना वाढवला तरी पुष्कळ. बसण्याचे पैसे घेता, तर बसणाऱ्या माणसाच्या शरीराची एवढी एक गोष्ट त्या पैशात धरायला हरकत काय? ज्याला यात राजकारण दिसतं त्याला दिसू दे. मला हा साधा बिलिंगचा मुद्दा वाटतो.

तर माझं मत असं झालंय. पैसे एकाच मुतारीचे असतील तर ती स्टँडवर नको, भाजीच्या ओळीला लागून हवी. दोन असतील तर दुसरी स्टँडवर बांधा. बायकांच्या बाजूला जास्त जागा द्या (सरकारी निकषही १०० ते २०० बायकांमागे दोन सीट सांगतात, पुरुषांना त्याहून कमी, कारण त्यांना वेगळ्या मुताऱ्या असतात). दार रस्त्याच्या बाजूला, दिव्याखाली, चारचौघांना दिसेल असं. आडोशाला बांधली की बायकांची 'सोय' होते हा गैरसमज ज्यानं काढला तो नक्की पुरुष असणार. आडोशाला पत्ते खेळणारे बसतात.

हे सगळं रंगीत चार्टसकट पीडीएफ करून मावसबहिणीला पाठवलं, म्हटलं मावशीला दाखव. रात्री मावशीचा फोन आला.

"पाह्यलं मी. चांगलं हाय. पन हे दिवसभर काय करून रायला तू त्या डब्यात पाहून?"

"मावशी, जागा बरोबर वाटते का ते सांग ना."

"जागा बरोबर हाय. पन चावी कोनाजवळ रायन?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अरे, मागं एका गावच्या बाजारात बसत होतो आमी. तिथं होतं की बायकांचं. चांगलं टाइल्स लावलेलं. कुलूप होतं त्याले. घान होते म्हनून. ज्याच्याकडं चावी तो बारा वाजता जेवाले जाये, मंग याचाच नाई."

माझ्या शीटमध्ये अंतर आहे, तास आहेत, सीट आहेत, पाण्याची लाइन आहे. चावीचा कॉलम नाही. मी विचारलं, मग चावी कुणाकडे असावी? ती जरा थांबली, आणि म्हणाली की ओळीच्या टोकाला लसूण घेऊन एक म्हातारी बसते, ती एकही बाजार चुकवत नाही, आणि तिचे गुडघे गेलेत म्हणून उठून कुठे जातही नाही. तिच्याकडे द्यावी.

शीट पुन्हा उघडलीय. पुढच्या सुट्टीत गेलो की बाजाराच्या दिवशी टेप घेऊन जाणार आहे, लसणाच्या टोपलीपासून मोजायला सुरुवात करायची.